बंद झडपांमागचा शेजारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं दक्षिणेकडच्या ॲलाबामा संस्थानांत मेकोंब नांवाचें एक गांव आहे. नकाशांत तें सांपडावयाचें नाहीं. हार्पर ली ह्या लेखिकेनें ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ह्या आपल्या कादंबरींत तें वसविलें, आणि १९६० च्या जुलै महिन्यांत ती कादंबरी प्रसिद्ध झाल्यापासून नकाशांतल्या कित्येक खऱ्याखुऱ्या गांवांपेक्षां तेंच वाचकांच्या अधिक परिचयाचें झालें. दुसऱ्याच वर्षीं कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळालें, १९६२ मध्यें तिच्यावर चित्रपट निघाला, आणि पुढें ती शाळाशाळांतून अभ्यासाला लागली. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं ती वाचली असेल ते बहुधा तिची ओळख एका खटल्याची कादंबरी अशीच करून देतील. न केलेल्या गुन्ह्यासाठीं एका कृष्णवर्णी तरुणाला गोऱ्या ज्यूरीपुढें उभें केलें जातें आणि एक सज्जन वकील त्याची बाजू प्राणपणानें मांडतो, ही ती कथा. परंतु कादंबरी खटल्यानें सुरू होत नाहीं आणि खटल्यानें संपतही नाहीं. आरंभींच्या भागांत तीन मुलें एका बंद घराकडे टक लावून पाहत उभीं असतात. शेवटीं त्यांतलीच एक मुलगी त्या घराच्या ओसरीवर उभी राहून आपल्या आळीकडे पाहते. ह्या दोन पाहण्यांच्या मध्यें काय घडलें, तेवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

जीन लुईस फिंच ऊर्फ स्काउट हिला त्या वेळीं सहावें वर्षही पुरतें संपलेलें नाहीं. भाऊ जेम दहाला टेकलेला. सुटींत शेजारीं मावशीकडे राहावयास येणारा डिल सातव्या वर्षांत चाललेला, अंगानें किरकोळ आणि कल्पनेनें अचाट. काळ १९३३ च्या सुमाराचा, म्हणजे मोठ्या मंदीचा. मुलांची आई पूर्वींच वारलेली; वडील ॲटिकस फिंच हे वकील; घर सांभाळते ती कॅल्पर्निया ही कृष्णवर्णी स्वयंपाकीण. तिची हांक जेथवर ऐकूं जाईल तेवढेंच मुलांचें उन्हाळ्यांतलें राज्य. उत्तरेकडे दोन घरें आणि दक्षिणेकडे तीन. दक्षिणेकडचें तें तिसरें घर रॅडलींचें.

एके काळीं पांढऱ्या रंगाचें असलेलें तें घर आतां पाटीसारखें काळवंडलें आहे. छपराच्या लांकडी कौलांना पावसानें कूज लागली आहे, आणि ओकच्या झाडांनीं ऊन अडवून धरलें आहे. त्या गांवाच्या रिवाजाप्रमाणें रविवारची दुपार म्हणजे एकमेकांच्या घरीं जाऊन बसण्याची वेळ. त्या वेळीं दार लावलेलें असणें म्हणजे आंत कोणी आजारी असणें. रॅडलींचीं दारें आणि खिडक्यांच्या झडपा रविवारींही लावलेल्याच असतात. परसाला लागूनच शाळेचें पटांगण आहे. रॅडलींच्या आवारांतल्या पेकनच्या झाडांचीं अक्रोडासारखीं फळें पटांगणांत टपटप गळतात, परंतु एकही मूल तीं उचलीत नाहीं. खाल्लीं तर माणूस मरतें असा सर्वांचा पक्का समज. चेंडू त्या कुंपणापलीकडे गेला कीं तो गेलाच, विचारावयाचें नाहीं.

ह्या घरांत आर्थर रॅडली नांवाचा इसम राहतो. मुलें त्याला ‘बू’ म्हणतात. लहान मुलांना भिवविण्यासाठीं इंग्रजींत करावयाचा हा आवाज. आपल्या घरांतल्या ‘बाऊ’चा तो सख्खा भाऊच म्हणावयाचा. त्याला मुलांनीं कधीं पाहिलेलें नाहीं, आणि म्हणूनच त्याचें वर्णन त्यांना तोंडपाठ आहे. उंची साडेसहा फूट, तोंडावर लांबच लांब व्रण, दांत किडलेले, डोळे बटबटीत, हात रक्तानें माखलेले, कारण खारी आणि मांजरें धरून तो कच्चीं खातो. रात्रींच्या थंडीनें बागेंतलीं फुलें कोमेजलीं तर तीं त्याच्या श्वासानें कोमेजलीं. गांवांत कोणताही लहानसहान गुन्हा घडला तरी तो त्याच्याच नांवावर. मुलांच्या कल्पनेचें हें काम खरें. पण मुलांना हा माल कोणी पुरविला, हें विसरतां येत नाहीं. मिस स्टेफनी क्रॉफर्ड ही आळींतली बातम्यांची कोठी. एके रात्रीं जाग आली तेव्हां बू खिडकींतून आपल्याकडे पाहत होता, असें ती छातीठोकपणें सांगते. मोठ्या माणसांच्या रिकामपणांतून निघालेली कुजबूज मुलांच्या कानीं पडते आणि तेथें तिचें भूत होतें.

खरी हकीकत भुतापेक्षां साधी आहे आणि अधिक भयंकरही. आर्थर तरुणपणीं कांहीं वाह्यात पोरांच्या संगतींत पडला. एके रात्रीं त्या टोळीनें उसनी आणलेली जुनी मोटार चौकांत उलटी फिरविली आणि पकडावयास आलेल्या म्हाताऱ्या अंमलदाराला कचेरीच्या आवारांतल्या शौचकुपांत कोंडून ठेवलें. न्यायाधीशानें मुलांना सरकारी उद्योगशाळेंत पाठविण्याचें ठरविलें. आर्थरच्या बापाला ती बेअब्रू वाटली. माझ्या मुलाकडून पुन्हां त्रास होणार नाहीं, असा शब्द देऊन तो त्याला घरीं घेऊन गेला, आणि त्यानें तो शब्द पाळला. इतर मुलें त्या शाळेंत चांगलें शिकलीं. त्यांतला एक तर पुढें इंजिनियर झाला. आर्थर पंधरा वर्षें कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. तेहतिसाव्या वर्षीं वर्तमानपत्रांतलीं कात्रणें कापीत बसला असतां त्यानें हातांतली कात्री बापाच्या पायांत खुपसली आणि पुन्हां शांतपणें आपलें काम पुढें चालविलें, एवढीच काय ती बातमी बाहेर आली. त्याला वेड्यांच्या इस्पितळांत पाठवूं नका, असें बापानेंच सांगितलें. कोठडी नाहीं, बेडी नाहीं, मारहाण नाहीं. धर्मनिष्ठ, वेळेवर बिलें देणारें, सभ्य घर. बाप मेल्यावर वडील भाऊ नेथन पेन्साकोलाहून येऊन त्याच्या जागीं राहिला, आणि झडपा होत्या तशाच राहिल्या. मुलांनीं रचलेल्या राक्षसाच्या गोष्टीला मेकोंबमध्यें श्रोते भरपूर मिळाले. ह्या गोष्टीला मात्र पंधरा वर्षांत एकही प्रश्न विचारणारा निघाला नाहीं.

प्रश्न विचारला तो मुलांनीं, आणि तो अतिशय वाईट रीतीनें विचारला. बूला बाहेर काढावयाचें ही कल्पना डिलची. प्रथम पैज लागते. जेम धांवत जाऊन त्या घराच्या भिंतीला हात लावतो आणि जीव घेऊन परत येतो. मुलें वळून पाहतात तों एक झडप किंचित् हललीशी वाटते. पुढच्या उन्हाळ्यांत टायरमध्यें बसलेली स्काउट गडगडत थेट रॅडलींच्या पायरीपाशीं जाऊन आदळते. मग रॅडली घराण्याचें नाटकच सुरू होतें. रोज नवा प्रवेश, आणि कात्रीचा प्रसंग तर रोज हवाच. दुसऱ्याच्या घरांतलें दुःख रस्त्यावर उभें करून त्याचा खेळ करण्यांत मुलांना काडीचाही संकोच वाटत नाहीं. ॲटिकसच्या दृष्टीस तें पडतें तेव्हां तो फारसें बोलत नाहीं, कात्री मात्र काढून घेतो. पुढें मासे धरण्याच्या गळाच्या काठीला चिठ्ठी लावून ती झडपेंतून आंत सारण्याचा उद्योग चाललेला असतांना तो पुन्हां येतो आणि ह्या वेळीं चांगलेंच खडसावतो. एखाद्यानें घरांत राहावें कीं बाहेर यावें हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, आणि मुलांना जो चौकसपणा वाटतो तो त्या माणसाला छळ वाटत असेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय. ॲटिकसचें म्हणणें न्याय्य आहे. तरी पण बूला दगडी भिंतीप्रमाणें विसरून गेलेल्या सभ्य आळीपेक्षां त्याला छळणारीं हीं मुलेंच त्याला अधिक जवळचीं वाटलीं असतील, असा संशय वाचकाला आल्यावांचून राहत नाहीं. लेखिकेनें त्या संशयाला जागा ठेवली आहे. टायर आदळला त्या दिवशीं घराच्या आंत कोणीतरी हळूच हंसत होतें. स्काउटनें तें ऐकलें, आणि कोणाला सांगितलें नाहीं.

शाळेच्या वाटेवर रॅडलींच्या आवाराच्या कडेला असलेल्या ओकच्या एका झाडाला मुलांच्या नजरेच्या उंचीवर एक ढोली आहे. एके दिवशीं त्या ढोलींत स्काउटला च्युइंग गमच्या दोन वड्या सांपडतात. रॅडलींच्या झाडाचें कांहीं खावयाचें नाहीं हा नियम तिला ठाऊक आहे. पण ती जिभेनें चाटून पाहते, क्षणभर वाट पाहते, आणि मरण येत नाहींसें पाहून दोन्ही वड्या तोंडांत टाकते. (जेमला कळल्यावर तो तिला चूळ भरावयास लावतो, हें ओघानें आलेंच.) नंतर डबींत जपून ठेवलेलीं दोन जुनीं नाणीं. मग करड्या सुतळीचा गुंडा. मग साबणांत कोरलेल्या दोन बाहुल्या, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाच्या कपाळावर केंस आलेले आहेत ते जेमच्यासारखे, आणि मुलीच्याही कपाळावर स्काउटच्यासारखी केंसांची झालर आहे. ह्यानंतर एक जुनें पदक; तें शाळेंतल्या शुद्धलेखनाच्या चढाओढींत मिळावयाचें. शेवटीं सांखळीला लावलेलें, बंद पडलेलें खिशांतलें घड्याळ.

ह्या वस्तु म्हटल्या तर कवडीमोलाच्या. पण त्या बाहुल्या कोरण्यासाठीं कोणीतरी त्या मुलांकडे किती दिवस आणि किती बारकाईनें पाहिलें असेल! मुलें ज्या घराकडे डोळे फाडून पाहत होतीं त्याच घरांतून त्यांच्याकडे पाहिलें जात होतें, आणि तें पाहणें त्यांच्या पाहण्यापेक्षां कितीतरी प्रेमळ होतें. पदकाचा आणखी एक अर्थ लागतो, जरी लेखिका तो लावीत नाहीं: भुतालाही कधीं काळीं शाळा होती, आणि तेथें त्यानें बक्षीस मिळविलें असावें.

दरम्यान एका रात्रीं मुलें रॅडलींच्या परसांत शिरतात, बंदुकीचा बार होतो, आणि पळतांना जेमची विजार तारेच्या कुंपणांत अडकून तेथेंच राहते. मध्यरात्रीं तो एकटा ती आणावयास जातो. विजार घडी घालून कुंपणावर ठेवलेली असते आणि फाटली होती तेथें शिवलेली असते. टांके वेडेवांकडे, शिवणकाम न येणाऱ्या हातानें घातलेले. जेम ही गोष्ट बरेच दिवस पोटांत ठेवतो. तो कशाला भ्याला? विजार शिवणाऱ्यानें आपण परत येणार हें आधींच ओळखलें होतें, ह्याला. पण त्या भीतींत आतां दुसरेंही कांहीं मिसळलेलें आहे.

दोघें मिळून आभाराचें पत्र लिहितात. कोणाला लिहावयाचें तें उघड बोलत नाहींत; ‘प्रिय महाशय’ म्हणून सुरुवात करतात. जेम पत्र घेऊन पुढें धांवत जातो, आणि पाहतो तों ढोली सिमेंटनें बुजविलेली! झाड मरावयास टेकलें म्हणून तसें केलें, असें नेथन रॅडली सांगतो. जेम बापाला विचारतो. ॲटिकस झाडाकडे पाहून म्हणतो कीं झाड चांगलें धडधाकट आहे. मुलगा त्या संध्याकाळीं अंधार पडेपर्यंत ओसरीवर एकटाच उभा राहतो. आंत येतो तेव्हां तो रडला होता हें स्काउटला त्याच्या चेहऱ्यावरून कळतें. तिला त्याचें रडणें ऐकूं आलें नव्हतें. सबंध कादंबरींत इतकें हलकें लिहिलेलें आणि इतकें जड पान दुसरें नसेल.

त्याच हिंवाळ्यांत मिस मॉडी ह्या शेजारणीच्या घराला रात्रीं आग लागते. सारें गांव रस्त्यावर. थंडींत कुडकुडत रॅडलींच्या फाटकासमोर उभ्या राहिलेल्या स्काउटच्या खांद्यांवर घोंगडी कोणी टाकली, हें घरीं आल्यावर ॲटिकस विचारतो, तेव्हां जेम एकाएकीं सर्व भडाभडा सांगून टाकतो: झाड, वस्तु, विजार, सगळें. घोंगडी परत करूं नका, नाहीं तर नेथनला कळेल, अशी तो गयावया करतो. काल त्या माणसाला बाहेर ओढावयास निघालेला मुलगा आज त्याला लपवूं पाहत आहे.

समीक्षकांपैकीं कांहींनीं असा आक्षेप घेतला आहे कीं कादंबरीचे दोन भाग, रॅडलींचें घर आणि टॉम रॉबिन्सनचा खटला, एकमेकांना नीट सांधलेले नाहींत. आक्षेप अगदीं पोकळ नाहीं. खटला चालतो तेवढा वेळ बूची आठवण वाचकालाही राहत नाहीं. परंतु सांधा आहे, आणि तो ह्या मुलांच्या कुतूहलांतच आहे. मुलांनीं बूविषयीं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला. मग पुरावा आला: एक हंसण्याचा आवाज, दोन बाहुल्या, वेडेवांकडे टांके, एक घोंगडी. पुराव्यापुढें मुलांचें मत हळूहळू बदललें. न्यायालयांतही पुरावाच पुढें येतो. फिर्यादी मुलीला झालेली मारहाण मुख्यतः चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप बॉब यूएल डावखुरा. आणि टॉमचा डावा हात तर लहानपणीं सरकीच्या यंत्रांत सांपडून कायमचा लुळा पडलेला. बारा प्रौढ माणसें हें सर्व डोळ्यांनीं पाहतात, आणि वर्णाविषयीं त्यांनीं जन्मभर जें ऐकलें तेंच खरें धरून टॉमला दोषी ठरवितात. सज्ज्यांत बसलेला जेम सुटका होणार म्हणून निश्चिंत असतो. नुकताच तो स्वतः एका माणसाविषयींचें मत बदलून आला आहे, आणि मोठ्या माणसांना तें जमत नसेल हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. खटल्यानंतर केव्हांतरी तो बहिणीला म्हणतो कीं बू इतकीं वर्षें घरांत कां राहतो तें आपल्याला आतां समजूं लागलें आहे. त्याला आंतच राहावयाचें असेल.

हार्पर ली हिचें बालपण ॲलाबामांतल्याच मन्रोव्हिल ह्या गांवीं गेलें. तिचे वडील वकील होते, शेजारच्या घरीं नातलगांकडे राहणारा मुलगा म्हणजे पुढें प्रसिद्धीस आलेला लेखक ट्रुमन कपोती, आणि डिल तो हाच. तिच्या चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणें रॅडलींच्या घरासारखें एक घरही त्या आळींत होतें. पण अनुभव जवळ असणें वेगळें आणि तो दिसणें वेगळें. ह्या कादंबरीचा पूर्वीचा खर्डा २०१५ सालीं ‘गो सेट अ वॉचमन’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांत स्काउट सव्वीस वर्षांची आहे, ॲटिकस आहे, खटल्याचा उल्लेखही आहे; बूचा मात्र पत्ता नाहीं. टे होहॉफ ह्या संपादिकेच्या सल्ल्यावरून लेखिकेनें तीच माणसें लहान मुलीच्या डोळ्यांनीं पुन्हां पाहिलीं, तेव्हां कोठें त्या बंद झडपा कथेंत आल्या.

१९३५ च्या ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्रीं, शाळेंतल्या कार्यक्रमाहून अंधारांतून घरीं येणाऱ्या मुलांवर बॉब यूएल सुरी घेऊन झडप घालतो. कोणीतरी धांवून येतें. यूएल मरून पडतो, आणि हात मोडलेल्या बेशुद्ध जेमला उचलून कोणीतरी घरीं आणतें. खोलींत कोपऱ्यांत भिंतीला टेकून एक फिकट, कृश माणूस उभा असतो. इतका फिकट, कीं ऊन त्याच्या अंगाला कधीं लागलेंच नसावें. स्काउट त्याच्याकडे पाहते आणि ओळखते. साडेसहा फुटांचा राक्षस कोठेंच नाहीं. त्याला पाहण्यासाठीं तीन उन्हाळे तळमळलेली ती मुलगी आतां टक लावून बघत नाहीं. त्याला उजेडाचा त्रास होईल म्हणून ओसरीवरच्या अंधाऱ्या कोपऱ्यांतली खुर्ची त्याला दाखविते.

तिकडे ॲटिकस आणि शेरीफ हेक टेट ह्यांचा वाद चाललेला असतो. ॲटिकसला वाटतें कीं यूएलला जेमनेंच मारलें, आणि तें लपवावयाचें नाहीं. टेट म्हणतो कीं यूएल स्वतःच्याच सुरीवर पडून मेला. तो कोणाला वांचवीत आहे हें ॲटिकसला उशिरानें उमजतें. टेटला भीति फांशीची नाहीं. भीति आहे ती मेकोंबच्या बायकांची. खरें कळलें तर त्या आभार मानावयास केक घेऊन रॅडलींच्या दारांत रांग लावतील, आणि त्या लाजऱ्या माणसाला उजेडांत खेंचणें हें तो पाप समजतो. गांवाचें कुतूहल कृतज्ञतेचा वेष घेऊन आलें तरी तें कुतूहलच. मॉकिंगबर्ड हा त्या देशांतला पक्षी. दुसऱ्या पक्ष्यांच्या गाण्याची नक्कल करीत तो गात राहतो आणि कोणाच्या बागेची नासधूस करीत नाहीं. त्याला गोळी घालण्यासारखेंच हें होईल, असें बापाला समजावून सांगते ती स्काउट. कायद्याचा एवढा मोठा उपासक असलेल्या ॲटिकसनें येथें कायद्याला बगल दिली हें योग्य झालें काय, ह्यावर वकील मंडळींत वाद झालेले आहेत, आणि ते होणेंच रास्त आहे. टॉमला ज्या गांवांत खरें बोलून वांचवितां आलें नाहीं तेथेंच आर्थरला खोटें बोलून वांचवावें लागतें, ही त्यांतली खरी टोंचणी.

लेखिकेच्या बाबतींत हीच गोष्ट निराळ्या रीतीनें घडली. १९६० नंतरचीं थोडीं वर्षें सोडलीं तर तिनें मुलाखती देणें जवळजवळ बंदच केलें, आणि २०१६ सालीं फेब्रुवारींत वयाच्या ८९ व्या वर्षीं मन्रोव्हिलमध्येंच ती वारली. मधल्या पन्नासएक वर्षांत तिला गांठण्यासाठीं वार्ताहर आणि यात्रेकरू त्या लहानशा गांवीं येत राहिले. तिथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतींत संग्रहालय झालें, कादंबरीवरून रचलेलें नाटक होऊं लागलें, आणि ती ज्या घरीं असे तेथला दरवाजा मात्र अनोळखी माणसाला उघडला नाहीं. आपण म्हणजेच बू आहोंत, असें ती आपल्याशीं बोलतांना म्हणाली होती, असें ओप्रा विन्फ्रे ह्यांनीं सांगितलें आहे.

आर्थर स्काउटला घरीं पोंचविण्याची विनंती करतो. सबंध पुस्तकांत तो बोलतो तें एवढेंच. ती त्याचा हात धरून निघते, पण लहान मुलाला नेल्यासारखी नेत नाहीं. त्याला आपला हात वांकवावयास सांगून ती त्यांत स्वतःचा हात अडकविते. मिस स्टेफनी खिडकींतून पाहत असलीच तर एक सभ्य गृहस्थ एका बाईबरोबर रस्त्यानें चालला आहे, असेंच तिला दिसावें. तो आंत जातो, दार लागतें. ती त्याला पुन्हां कधीं पाहत नाहीं.

मग ती त्या ओसरीवर वळून उभी राहते. आळीचे दिवे येथून वेगळेच दिसतात. ह्याच खिडकींतून कोणीतरी दोन मुलांना शाळेंत जातांना पाहिलें, नाटक करतांना पाहिलें, झाडापाशीं नाचतांना पाहिलें, आगीच्या रात्रीं कुडकुडतांना पाहिलें. आणि तिला आठवतें कीं त्या झाडांतून घेतलेल्या वस्तूंच्या बदल्यांत आपण त्यांत कधींच कांहीं ठेवलें नाहीं. पत्र लिहिलें होतें खरें. तें जेमच्या खिशांतच राहिलें.